काचेअलीकडचे ताकसांडे सर

मे महिन्यात वर्ध्यात दोनच प्रकारचे लोक दिसतात. एक, डोक्याले दुपट्टा गुंडाळून पळणारे. दोन, सावलीत उभं राहून पळणाऱ्यायले पाहणारे. तिसऱ्या प्रकारात एकटे ताकसांडे सर होते. ते स्वेटर घालून फिरत.

मुद्दाम नाई. आमचं स्कॅन सेंटर पहिल्या माळ्यावर. तिथल्या सीटी स्कॅनच्या मशिनले बारमाही थंडी लागते, नाईतर ते रुसते. म्हणून मशिनची खोली अन् काचेच्या अलीकडली आमची खोली, दोन्हीकडे एसी असा चाले का बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळून राह्यलं असताना आम्ही आत नाक पुसत बसलेलो. सरांचा बिनबाह्याचा मरून स्वेटर होता. चहाची वेळ झाली का ते तसेच खाली उतरत, अन् टपरीवरले लोक बाजूले सरकत. याले थंडीताप असन बाप्पा!

टपरीवाला विचारे, "सर, वरते बर्फ पडून राह्यला का?"

"पडून राह्यला," सर म्हणत. "पोहे दे. तर्री जास्त टाकजो."

हसत नसत. बारीक अंग, रंगवलेले केस, नाकावरून घसरणारा चष्मा, अन् मधात तो चेहरा. सरकारी ऑफिसच्या भिंतीसारखा. भिंतीवर लग्नाची पत्रिका चिकटवा नाईतर तेराव्याची, भिंतीले काय?

मी हिंगणघाटचा. डिप्लोमा करून इथं लागलो, पण माहं खरं शिक्षण शाळेत मागच्या बाकावर झालं, मास्तरायचे आवाज काढण्यात. गणिताच्या सरांचा आवाज मी असा काढत होतो का एकदा हेडमास्तरानं वर्गाबाहेरून त्या सरालेच झापलं. सेंटरवर आलो तर तिथं तयार गिऱ्हाईक होतं, मशिनमधली बाई. पेशंट टेबलावर झोपला का तिचा रेकॉर्ड केलेला आवाज येते, "साँस लीजिए... साँस रोकिए... छोड़िए." मी पहिल्याच आठवड्यात तिले पकडलं. सगळे हसले. ताकसांडे सर म्हणाले,

"चांगली काढली बे. पण पेशंट असताना काढजो नको."

"काऊन सर?"

"तो साँस रोकून धरन, अन् तू छोड़िए म्हणायचं विसरून जाशीन."

अशी आमची ओळख झाली.

आमचं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजन. फोटो काढायचा आम्ही. तो वाचून रिपोर्ट लिहायचा रेडिओलॉजिस्ट मॅडमनं. मधात जो वेळ जाते, त्यात पेशंटचे घरचे आमच्या तोंडाकडे पाहतात. कारण त्यायले माहीत असते का यायनं पाह्यलं हाय. अन् आम्हाले तोंड उघडायची परवानगी नाई. पाहायची मात्र सक्ती हाय. पेशंट हलला तर नाई, फोटो पुसट तर नाई आला, हे पाह्यल्याशिवाय त्याले टेबलावरून उठवता येत नाई.

मी नवा असताना देवळीकडली एक म्हातारी आली. मी विचारलं, आजी, अंगावरचं सगळं काढलं ना? काढलं म्हणे. तिले टेबलावर घेतलं, फोटो काढला, अन् स्क्रीनवर छातीच्या बरोब्बर मधात एक पांढरा सूर्य उगवला. चारी बाजूनं किरणं निघालेले, हाडं, फेफडं, सगळं कापत गेलेले. म्हटलं ही बाई जित्ती कशी?

सर मागून आले. कपातला चहा संपवला. मग माईकचं बटन दाबलं.

"आजी, पोलक्यात काय बांधलं हाय?"

"काही नाई रे बाबा."

"ताईत हाय का?"

मग, "तो बी काढा लागते? त्याच्यानंच तं मी आतापावतर टिकली!"

धातूचा ताईत, म्हणून तो सूर्य. सर स्वतः आत गेले. सर बौद्ध. गंडे, दोरे, ताईत यायचा त्यायले इतका राग का एकदा रिसेप्शनवर कोणी लिंबू-मिरची टांगली तर ती काढून त्यायनं टपरीवाल्याले भज्यासाठी देऊन टाकली. पण म्हातारीले म्हणाले, "माह्याजवळ द्या. मी धरून उभा राहतो. कोणाच्यातरी हातात असला म्हणजे झालं ना?" अन् पूर्ण स्कॅन होईपर्यंत ते काचेअलीकडे येऊन, काचेले लागून मूठ वर करून उभे. आत जाताना म्हातारी मान वाकडी करून त्या मुठीकडे पाहत होती, मी ओरडून राह्यलो, आजी हलू नका.

झाल्यावर मले म्हणाले, "हा तुहा पहिला राक्षस. नाव लिहून ठेवजो, ताईत."

राक्षस हा शब्द सरांच्या तोंडी उगाच नव्हता. त्यायच्या कीबोर्डमागं एक पुस्तक राहे. जाड, काळं, पाठीवरचं कव्हर फाटलेलं, इंग्रजी. दसऱ्याले ते दीक्षाभूमीवर गेलते. तिथून लोक ग्रंथ आणतात, मूर्ती आणतात, कॅलेंडर आणतात. सरांनी रस्त्यावरल्या जुन्या पुस्तकायच्या ढिगातून हे आणलं. वेगवेगळ्या लेखकायच्या भीतीच्या गोष्टी. मी म्हटलं, भुताच्या?

"भूत काय बे," सर म्हणाले. "भुताले तुही ओळख तरी असते. तू त्याचे पैसे खाल्ले असतीन, जमीन खाल्ली असन, म्हणून ते येते. या गोष्टींतलं जे हाय ना, त्याले तू कोण हेच माहीत नाई."

मग समजावून सांगितलं. या गोष्टींमध्ये आभाळाच्या मागं, नाईतर जमिनीच्या लय खाली, काहीतरी असते. मोठं. इतकं का पूर्ण दिसतच नाई. जुनं, माणूस झाला त्याच्या आधीपासूनचं. ते वाईट नसते, आपल्यावर रागावलेलं नसते. आपून त्याच्यासाठी दिव्याभोवतीची चिलटं. अन् ज्यानं ते पाह्यलं, तो कामातून गेला. ज्यानं पुस्तक जमवलं त्या माणसानं गोष्टी एका धाग्याच्या निवडल्या होत्या. प्रत्येकीत कोणीतरी कशातून तरी पाहते. कोणी दुर्बिणीतून, कोणी विहिरीत, कोणी किल्लीच्या छिद्रातून, अन् पाहू नये ते पाहते.

"आपल्या लाईनचं पुस्तक हाय," सर म्हणत. "सगळे काचेतून पाहणारे."

दुपारी डबे झाले का अर्धा घंटा पेशंट नसत. तेव्हा सर गोष्ट सांगत. वाचून नाई, सांगून. अन् सांगताना सगळी दुनिया उचलून वर्धा जिल्ह्यात आणत. इंग्रजीत जो कोणी साहेब होता तो सेलूचा रिटायर हेडमास्तर होऊन जाये. समुद्र आला का सर धाम नदीले पूर आणत. आभाळातून काही उतरायचं असलं तर ते हिंगणघाटच्या जिनिंगच्या चिमणीवरच उतरे, मी तिथला म्हणून. मी म्हणत होतो, सर, एकदातरी पुलगावले उतरवा ना.

एक गोष्ट मले अजूनही पाठ हाय. एक माणूस रोज आभाळाचा एकच तुकडा दुर्बिणीतून पाहते. त्या तुकड्यातले तारे एकेक करून कमी व्हायले लागतात. त्याले वाटते तारे विझून राह्यले. मग त्याच्या ध्यानात येते का तारे जाग्यावरच हायेत. त्यायच्या समोर कोणीतरी येऊन उभं राह्यलं हाय.

इतकंच. सर इतकंच म्हणून टिफिनचं झाकण लावत. मग मी उभा राहून सरांच्याच आवाजात म्हणत होतो, "पुढचा पेशंट घे बे!" भीती उडवायचा माहा उपाय तोच.

पुस्तकावर सरांचे दोन आक्षेप होते. पहिला, सुरुवातीला जी प्रस्तावना होती तिच्यावर. तिच्यात लिहिलं होतं का माणूस किती क्षुद्र हाय अन् विश्वाले त्याची किती पर्वा नाई हे कळणं, हीच सगळ्यात मोठी भीती.

"याले हे आता कळलं," सर म्हणाले. "माह्या आज्याले गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. त्याच्याजवळ जाऊन कोणी म्हटलं असतं, दादा, विश्वाले तुही पर्वा नाई, तं तो म्हणला असता, बरं मंग, पाणी कुठं भरू ते सांग."

मी लय हसलो. सर नाई हसले. पान उलटलं.

दुसरा आक्षेप त्या पागल होणाऱ्यायवर. प्रत्येक गोष्टीत शेवटी माणूस किंचाळते, नाईतर डोळे फोडून घेते, नाईतर दवाखान्यात भिंतीशी बोलत बसते. "अबे, पाह्यलं तर पाह्यलं," सर चिडत. "आपून रोज पाहतो. पागल होऊन कसं चालन? बाहेर दहा लोक उपाशी बसले हायेत. दुसऱ्याले झोपव टेबलावर."

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पेशंट कोणीही असो, आत काहीही दिसलेलं असो, त्याच आवाजात, त्याच वेळी, हातातली दवाईची सुई काढता काढता: "झालं. आता खाली जाऊन काही खाऊन घ्या." पेशंट उपाशी आलेला असते, म्हणून बोलायले ठीक. घरच्यायनं कितीही विचारलं, साहेब, काही हाय का आत, तरी तेच. मी म्हटलं, सर, चांगलं असन तर सांगायले काय जाते? थोडं हसा तरी!

"ज्याले हसलो नाई, त्याचं काय?" सर म्हणाले.

मग आर्वीच्या एका गुरुजींची गोष्ट सांगितली. सर तेव्हा नवे होते. गुरुजींचा फोटो काढला, फेफड्यात वरच्या बाजूले एक डाग दिसला, सरांच्या मनात आलं, गेला हा माणूस. वाईट वाटलं. आत जाऊन सुई काढली अन् काही बोलले नाई. गुरुजींनी सरांच्या तोंडाकडे पाह्यलं, शर्टाची बटनं लावली, म्हणाले, "समजलं मले." रिपोर्टसाठी थांबलेच नाई. घरी जाऊन अंथरूण धरलं. पोरीचं जमलेलं लग्न घाईनं उरकलं. इकडे मॅडमच्या आधी जे डॉक्टर होते त्यायनं लिहिलं, जुन्या टीबीचा वण, काळजीचं कारण नाई. तो रिपोर्ट न्यायले कोणी आलं, तोपर्यंत गुरुजी अर्धे झाले होते.

"आपून पाहतो," सर म्हणाले. "आपल्याले कळते असं नाई. पण आपलं थोबाड आधीच निकाल लावून मोकळं होते."

हिवाळ्यात सरांले खोकला लागला. "एसीचा हाय," ते म्हणत. टपरीवाला म्हणे, तर्रीचा हाय. मी खोकल्याची पण नक्कल करत होतो, दोन कोरडे अन् एक ओला, असा होता तो. मग होळी झाली, ऊन तापलं, खोकला तसाच. एक दिवस सर खुर्चीवरून उठले अन् माह्या ध्यानात आलं का स्वेटर खांद्यावरून लोंबून राह्यला. स्वेटर तोच होता. मी नक्कल बंद केली.

मॅडम एकदा दारातच थांबल्या. सरांले खोकू दिलं. पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "ताकसांडे, उद्या सकाळी उपाशी या."

"मॅडम, एसीचा..."

"मी विचारलं नाही. उपाशी या."

संध्याकाळी सर स्वेटरची घडी करत मले म्हणाले, "घरी सांगतलं नाई बे. उद्या नाश्ता नको म्हणून सांगतो, सेंटरवर पोहे हायेत म्हणतो. तुह्या काकूले काही बोलजो नको."

"नाई सर."

"अन् काढजो नीट. पुसट आला तर दुसऱ्यांदा झोपायले लावशीन मले."

दुसऱ्या दिवशी मॅडम सकाळी नागपूरले गेलेल्या, दुपारच्या गाडीनं येणार होत्या. म्हणजे फोटो काढायचा, अन् वाचायले कोणी नाई. सर टेबलावर झोपले. मी त्यायच्या हाताले सुई लावली. सगळ्या पेशंटले जे सांगतो ते सांगायले लागलो, का दवाई आत गेली का अंगात गरम वाटन, लघवी झाल्यासारखं वाटन, पण...

"पण होत नाई," सर म्हणाले. "हे मीच तुले शिकवलं. जाय."

मी काचेअलीकडे आलो. मशिनमधली बाई बोलायले लागली, साँस लीजिए. आतून सरांनी हात हलवला. "बाईले बंद कर बे. तूच सांग."

मग मी सांगितलं. कोणाचाच आवाज न काढता. "श्वास घ्या सर. धरून ठेवा."

त्यायनं धरला. टेबल आत सरकलं. अर्ध्यात गेलं अन् खोकला आला. सगळं पुसट. पुन्हा केलं. पुन्हा अर्ध्यात त्यायचं अंग थरथरायले लागलं, मले काचेतून फक्त पाय दिसत होते, पायाचे अंगठे आकसून घेतलेले, खोकला दाबायले. तिसऱ्या वेळी धरला. मी मनात म्हणून राह्यलो, धरा, धरा, धरा, अन् स्वतःचा श्वास पण धरून बसलो, अन् खरंच, सोडा म्हणायले मले उशीर झाला. "सोडा सर, सोडा!"

मग स्क्रीनवर फोटो आला.

पाहाच लागते. हलला तर नाई, पुसट तर नाई. मी वरून खाली आलो, एकेक काप. उजव्या फेफड्यात वरते काही नसायले पाह्यजे तिथं काहीतरी होतं. पांढरं. काटेरी कडेचं. ताईत नव्हता, मी स्वतः तपासून आत पाठवलं होतं. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. मले आर्वीचे गुरुजी आठवले. आपल्याले कळते असं नाई, कळते असं नाई. वण असन. जुना टीबी असन. पण त्या कडा मी याआधी पाह्यल्या होत्या, अन् ज्यायच्यात पाह्यल्या त्यायचे रिपोर्ट माह्याच हातानं पाकिटात गेले होते.

आत जायचं होतं. सुई काढायची होती. मी आयुष्यभर दुसऱ्यायचे चेहरे केले, हेडमास्तराचा, कंडक्टरचा, मॅडमचा, अन् तेव्हा एकही चेहरा सापडेना.

गेलो. सर छताकडे पाहून राह्यले होते. तिथं पेशंटले बरं वाटावं म्हणून ढगांचे फोटो लावले हायेत.

"अबे," सर म्हणाले, "यातला एक ढग उलटा लावला हाय. इतके लोक झोपवले मी इथं, एकानं सांगतलं नाई."

मी सुई काढून राह्यलो. सरांनी छतावरची नजर काढलीच नाई. मले कळलं का ते माह्याकडे पाहत नाईत. मुद्दाम. मी बोट दाबून धरलं, कापूस लावला, पट्टी चिकटवली, तितका सगळा वेळ त्यायनं त्या उलट्या ढगाले दिला. मग उठले, चपला घातल्या, म्हणाले, "झालं. आता खाली जाऊन काही खाऊन घेतो." माहं वाक्य पण त्यायनंच म्हणून टाकलं.

बाहेर जायचा रस्ता आमच्या खोलीतून, स्क्रीनच्या बाजूनं. स्क्रीन चालू होता. मी विसरलो होतो. सरांनी डोळ्याच्या कडेले तळहात धरला, टांग्याच्या घोड्याले झापड लावतात तसा, अन् तसेच निघून गेले. इतके वर्षं लोकायच्या आतलं पाहणारा माणूस. पाह्यलं तर पाह्यलं म्हणणारा. मी स्क्रीन बंद करायले धावलो, तोपर्यंत ते गेले होते.

मग दुपार. मी पेशंट घेत राह्यलो अन् सर बाहेर बसून राह्यले, लोखंडी खुर्चीवर, पेशंटच्या घरच्यायमध्ये. पहिल्यांदाच तिकडच्या बाजूले. दार उघडलं का ते मले दिसत, अन् मी दिसलो का ते खाली पाहत. मी कारण काढून काढून दार उघडत होतो. त्यायच्या बाजूले कारंज्याकडला एक म्हातारा होता, त्याच्या बायकोचा नंबर यायचा होता, अन् तो धोतराच्या सोग्यानं सारखं तोंड पुसत होता. सर त्याले ताऱ्यायची गोष्ट सांगून राह्यले होते.

"...मंग त्याच्या ध्यानात आलं का तारे तसेच हायेत. समोर कोणी येऊन उभं हाय."

म्हाताऱ्यानं विचार केला. "कोण उभं हाय?"

"ते माहीत नाई."

"तारे खाते का थो?"

"नाई. फक्त उभा हाय."

"कायले पण?"

"काहीच कारण नाई, बुवा. तेच तं भेव हाय."

म्हातारा म्हणाला, "मंग त्याले बसायले सांगा ना. कवापासून उभा हाय बिचारा."

अन् सर हसले. मी दारात उभा होतो, मी पाह्यलं. मोठ्यानं, मान मागं टाकून, सगळे दात दाखवून हसले, इतके का खोकला आला, इतका खोकला का म्हाताऱ्यानं त्यायची पाठ चोळली अन् रिसेप्शनवाली पाणी घेऊन धावली. आतून त्याच्या बायकोचं नाव पुकारलं तेव्हा म्हातारा सरांले म्हणाला, "तुमी बसा. मी येतोच."

मॅडम आल्या. सरळ आत गेल्या, फोटो उघडला. मी मागं उभा. त्यायनं वरून खाली पाह्यलं, खालून वर. माह्याकडे वळून पाह्यलं नाई. मी म्हटलं, "मॅडम, जुना वण असू शकते ना?" त्या उठल्या. दारात जाऊन हाक मारली.

"सुधाकरभाऊ, आत या जरा."

मॅडमनं त्यायले कधी भाऊ म्हटलं नव्हतं. ताकसांडे म्हणत, कधी अहो ताकसांडे. बाहेर सर उठले. त्या एका हाकेतच त्यायले रिपोर्ट भेटला होता.

पुढं सुई टोचून तुकडा तपासला, नागपूरले इलाज सुरू झाला. मधल्या मधल्या दिवसायत सर कामावर येत. केस गळले, डोक्यावर टोपी आली, स्वेटरवर अजून एक स्वेटर आला. टपरीवाल्यानं बर्फाची चौकशी बंद केली तर सर त्याच्यावर रागावले. पुस्तक कीबोर्डमागंच होतं. एका दुपारी मी हिंमत करून विचारलं, "सर, भेव वाटते का?"

सरांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "त्या दिवशी तू जेवला होता का?"

"कोणत्या?"

"माहा फोटो काढला त्या दिवशी. मॅडम येईपर्यंत."

"नाई सर."

"मी खाल्ले. दोन प्लेटी पोहे." चष्मा पुसला. "मले कोणी सांगेपर्यंत मी मोकळा होतो बे. तू एकटाच होता त्याच्यासंग. या पुस्तकात त्या पाहणाऱ्याचं लिहिलं हाय सगळं, का तो ओरडला, का पळाला. त्याले उपाशी बसून दुसरे पेशंट घ्या लागले असं कोणी लिहिलं नाई."

मग मले म्हणाले, चल, अन् भर दोन वाजताच्या उन्हात, दोन स्वेटर घालून, मले खाली नेऊन पोहे खाऊ घातले. माहा डबा झालेला होता. मी खाल्ले.

दिवाळीनंतर सर गेले. दवाखान्यात, नागपूरले. आम्ही सगळे गेलतो. काकूनं माहा हात धरला अन् विचारलं, "तू काढला होता ना त्यायचा फोटो? नीट काढला म्हणत होते." तिथं सरांचा चेहरा मी पाह्यला नाई. गर्दी होती, जवळ जाता आलं असतं, गेलो नाई.

मी सरांले शेवटचं पाह्यलं ते त्याच्या आधी, वर्ध्याच्या बसस्टँडवर. माही आई हिंगणघाटवरून आलती, तिले परतीच्या गाडीत बसवून दिलं अन् वळलो तर बाजूले नागपूरची गाडी लागलेली. खिडकीत सर. एकटेच. काकूची नोकरी, दरवेळी सुट्टी भेटत नव्हती. मी हाक मारायले तोंड उघडलं अन् तसंच बंद केलं.

सर भेले होते. त्यायच्यावर कोणाची नजर नव्हती, गाडीत कोणी ओळखीचं नव्हतं, अन् ते भेलेले बसले होते. हातानं खिडकीची दांडी धरलेली, ओठ आपोआप हलत होते, डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर. तसा चेहरा मी रोज पाहतो, टेबल आत सरकायच्या आधी. सरांचा पाहीन असं वाटलं नव्हतं. मी रसवंतीच्या मागं झालो. त्यायनं मले पाह्यलं असतं तर त्यायले तो चेहरा आवरा लागला असता, अन् ते बी माह्यासाठी.

गाडी भरत होती. एक बाई कडेवर लेकरू, हातात पिशव्या घेऊन आत शिरली अन् न विचारता लेकरू सरांच्या मांडीवर बसवून दिलं. "भाऊ, धरा जरा याले," असं म्हटलं असन. लेकरानं मान वर केली अन् सरांच्या तोंडाकडे पाह्यलं. रडायच्या बेतात होतं.

सरांनी दांडी सोडली. आधी कपाळ सरळ केलं. मग ओठ थांबवले. मग एक भिवई वर गेली, मग दुसरी. एकेक करून, जड सामान उचलावं तसा, त्यायनं त्या लेकरासाठी चेहरा उभा केला. लेकरू थांबलं. बाईले जागा भेटली तरी तिनं परत घेतलं नाई.

ड्रायव्हर चढला. गाडी धूर सोडत मागं सरकली. लेकरानं सरांच्या नाकावरचा चष्मा ओढून घेतला. सरांले त्याच्याशिवाय हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. तरी ते खाली वाकून, न दिसणाऱ्या त्या पोट्ट्याले काहीतरी सांगून राह्यले होते, अन् पोट्टं तोंड उघडं टाकून ऐकून राह्यलं होतं.